पंचवीस आणि बावन्न

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर जे लेणे आहे, त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिच्या काळातील यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची जंत्री कोरलेली असून, गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी यांचे आकडे तीत जागोजाग आलेले आहेत. आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख इतिहाससंशोधकांइतकाच प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनीही लक्षपूर्वक पाहावा, असे आमचे मत आहे. त्या काळच्या ब्राह्मी अंकलेखनात दहाला एक स्वतंत्र चिन्ह होते, विसाला दुसरे, शंभराला तिसरे. सतरा लिहावयाचे झाल्यास दहाचे चिन्ह काढून त्यापुढे साताचे चिन्ह काढीत, आणि वाचणारा दोहोंची मनातल्या मनात बेरीज करी. शून्याचे त्या पद्धतीत काही काम पडत नव्हते. दहाचे चिन्ह कोठेही उभे केले तरी दहाच राही. त्याची किंमत त्याच्या अंगी होती, जागेवर अवलंबून नव्हती.

आता पहिलीतील एखाद्या मुलाला, ज्याला ‘२०’ आणि ‘५’ हे दोन्ही सुटे-सुटे लिहिता येतात, ‘वीस आणि पाच एकत्र लिही’ असे सांगून पाहावे. पुष्कळदा ते पाटीवर २०५ असे लिहिते, आणि मोठी माणसे त्यावर फुली मारतात. वास्तविक मुलाने मिळालेल्या हुकुमाची अक्षरशः तामिली केलेली असते: विसाचे जे चिन्ह त्याला ठाऊक आहे ते त्याने आधी काढले, पाचाचे चिन्ह त्यापुढे काढले, आणि वाचणाऱ्याने दोहोंची बेरीज करावी अशी रास्त अपेक्षा बाळगली. नाणेघाटच्या कोरक्याने आपल्या चिन्हांत नेमके हेच केले असते. मुलाचा तर्क आपल्या लेखनपद्धतीहून जुना आहे, एवढाच त्याचा अपराध.

आपली पद्धत अंगवळणी पडल्यामुळे ती आपल्याला स्वाभाविक वाटते, पण ती तशी नाही. ‘२५’ या लेखनात विसाचे चिन्ह शोधूनही सापडत नाही; तेथे आहे तो दोनाचा आकडा, आणि त्याला विसाची योग्यता प्राप्त झाली आहे ती केवळ त्याच्या उजव्या हाताला आणखी एक घर आहे म्हणून. प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दसपट असते, हे सूत्र आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास सांगितले. आणि रिकाम्या घरात वाटोळे शून्य मांडण्याचा सनवार दाखला ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात पाहावयास मिळतो, जेथे देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोज अर्पण करावयाच्या माळांची संख्या ५० अशी नोंदलेली आहे. त्या ५० चे वळण आजच्या मराठी मुलाने थोड्या मदतीने वाचावे, इतके आपल्याशी जवळचे आहे. नाणेघाट आणि ग्वाल्हेर यांच्या लेखांत सुमारे ९०० वर्षांचे अंतर आहे. आणि ते सहा वर्षांच्या मुलाने जूनपासून दिवाळीपर्यंत तोडावे, अशी आपली अपेक्षा असते. बहुतेक मुले ते खरोखरच तोडतात, हे नवल आपल्या नजरेतून निसटते, कारण आपले सारे लक्ष राहून गेलेल्या दोन-चार मुलांच्या पाट्यांकडे लागलेले असते.

यापुढची अडचण मात्र गणिताची नसून आपल्या जिभेची आहे. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतो आणि वीस मागाहून. हात मात्र डावीकडून उजवीकडे चालतो. तेव्हा कानाने दिलेला पाच पाटीवर प्रथम उतरला, त्याच्या उजवीकडे दोन उतरला आणि पंचवीसचे बावन्न झाले, तर त्यात अनवधानापेक्षा आज्ञाधारकपणाच अधिक असतो. आपली ही बोलण्याची तऱ्हा थेट संस्कृतातून आली आहे. पंचविंशतीतही पाच पुढे आहेत, आणि ज्योतिषग्रंथांत तर मोठमोठ्या संख्या एकक स्थानापासून आरंभ करून शब्दांत गुंफण्याचा आणि वाचकाने त्या उजवीकडून डावीकडे मांडीत जाण्याचा संकेतच होता. काही चतुर मुले स्वतःच्या बुद्धीने हा जुना संकेत शोधून काढतात: डावीकडे एक जागा मोकळी सोडून आधी पाच लिहितात आणि मग मागे येऊन दोन भरतात. लिहिलेली संख्या बरोबर असल्याने अशा मुलाची अडचण कोणाच्याही ध्यानात येत नाही. आणि पुढे तीन अंकी संख्यांत, जेथे शंभर आधी, मग एकक आणि शेवटी दशक असा कानाचा क्रम लागतो, तेथे ‘एकशे पंचवीस’ लिहिताना त्याचा हात एकाएकी अडखळतो. जर्मन आणि डच मुलांनाही हाच जाच आहे, कारण त्यांच्या भाषांतही ‘पाच आणि वीस’ असेच म्हणतात, आणि जर्मन भाषिक मुलांच्या चुका तपासणाऱ्यांना त्यांत अंकांच्या अदलाबदलीचा वाटा मोठा आढळला आहे.

एवढ्यावर आपली भाषा थांबती तरी चालते. पण तिने दशकांच्या नावांनाही स्थिर रूप राहू दिलेले नाही. पन्नास हा त्रेपन्न आणि चोपन्न यांत ‘पन्न’ होतो, बावन्न आणि सत्तावन्न यांत ‘वन्न’ होतो; साठाचा ‘सष्ट’, सत्तराचा ‘हत्तर’ आणि नव्वदाचा ‘ण्णव’ होतो; दोन हा कधी ‘बा’, कधी ‘बे’, कधी ‘ब्या’ आणि बत्तिसात नुसता ‘ब’ उरतो. अकरापासून अठरापर्यंत तर दहाचा मागमूस ऐकू येत नाही, आणि ज्या संख्यांपासून दशकाची कल्पना सुरू व्हावयाची त्याच संख्या तिच्याविषयी मौन पाळून असतात. शेजारच्या कानडीत ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे सरळ वीस-एक. तेलुगू आणि तमिळ याही दशक आधी सांगणाऱ्याच भाषा. त्या मुलांना एकापासून दहापर्यंतचे शब्द आणि दशकांची नावे आली की थोड्याशा संधीने नव्याण्णवापर्यंत मजल मारता येते. मराठी मुलाला मात्र शंभरापर्यंत जवळजवळ शंभर निराळे शब्द पाठ करावे लागतात.

सर्वांत अवघड प्रकरण ‘एकोण’ या उपसर्गाचे. एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक उणा. म्हणजे ज्या संख्येच्या नावात चाळीस स्पष्ट ऐकू येतो, तिच्या लेखनात चाराचा पत्ता नसतो, आणि जो तिनाचा आकडा लिहावयाचा तो उच्चारात कोठेच नसतो. मूल ४९ लिहिते, आणि त्याचे त्याला समर्थनही देता येते, कारण अडतिसात तीस होते म्हणून तीन लिहिले, तर एकोणचाळिसात चाळीस आहेत म्हणून चार का लिहू नयेत? एकोणीस, एकोणतीस असे करीत हा उपसर्ग एकोणनव्वदपर्यंत येतो, आणि मग शंभराच्या उंबरठ्यावर, जेथे मूल आता एखाद्या ‘एकोणशंभरा’ची वाट पाहत असते, तेथे नियम मोडून ‘नव्याण्णव’ येते. मराठीच्या वैभवाचा अभिमान आम्हांसही आहे. पण या ठिकाणी ते वैभव सहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ठेवले जाते, एवढे तरी कबूल करावयास हवे.

नॉर्वे देशाने ते कबूल केले. तेथेही पूर्वी ‘पाच-आणि-वीस’ असे म्हणत. टेलिफोनवर क्रमांक सांगता-ऐकताना घोटाळे होतात अशी तक्रार पुढे आली, तिचा विचार पार्लमेंटाने केला, आणि १ जुलै १९५१ पासून ‘वीस-पाच’ ही अधिकृत पद्धत ठरून शाळांना आणि सरकारी कचेऱ्यांना ती लागू झाली. कायद्याने पुस्तके बदलली, घरे तितकी बदलली नाहीत. त्यानंतर कित्येक दशके वृद्ध मंडळी जुन्याच रीतीने मोजत राहिली, आणि देशाचे त्यामुळे काही अडले नाही.

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ या नावासोबत ‘वीस एक’ असेही वाचन देण्यात आले तेव्हा जे वादळ उठले, ते अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांना कठीण जातात आणि दक्षिणेकडील भाषांतली रीत अधिक सुगम आहे, अशी त्यामागची भूमिका शांतपणे मांडली. परंतु वर्तमानपत्रे मराठीच्या ऱ्हासाच्या चिंतेने भरून गेली आणि विधिमंडळात आडनावांची फोड करून विनोद झाले. विनोद चांगले होते. पण पुस्तकात दोन्ही वाचने शेजारी-शेजारी दिलेली होती, जुने नाव रद्द करण्यात आले नव्हते, ही गोष्ट त्या गदारोळात फारशी कोणी सांगितली नाही. आमचे मत विचाराल तर ‘वीस पाच’ ही शिकण्यापुरती कुबडी आहे. पाय स्थिर होईपर्यंत ती द्यावी, आणि बाजारात व घरात मूल पंचवीसच म्हणणार असल्यामुळे ती कायमची राहील अशी भीती बाळगू नये.

शिवाय ती सर्वस्वी परकीही नव्हे. जुन्या शाळांतून उजळणी म्हणताना ‘एकावर शून्य दहा, एकावर एक अकरा, एकावर दोन बारा’ असा जो घोष चाले, आणि जो आजही काही घरांत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकू येतो, त्यात हीच युक्ती आहे. ‘दोनावर पाच पंचवीस’ असे म्हणताना मूल लिहिण्याचा क्रम आधी उच्चारते आणि बोलण्याचे नाव मागाहून. कान आणि हात यांच्यातील तंट्याचा निवाडा त्या अनामिक पंतोजींनी एका ओळीत करून टाकला होता. २०१९ च्या वादात दोन्ही पक्षांना या उजळणीचा आधार घेता आला असता. मात्र तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. ‘दोनावर पाच’ यातील दोन म्हणजे दोन काय, हे ती सांगत नाही. संख्या लिहावी कशी हे ती पक्के करते, आणि संख्या आहे केवढी याविषयी काहीच बोलत नाही.

लिहिता येणे आणि कळणे यांतील हे अंतर किती मोठे असू शकते, ते मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या शिष्या कॉन्स्टन्स कामी यांनी एका अत्यंत साध्या कसोटीने दाखवून दिले आहे, आणि ती कोणालाही घरी करून पाहता येते. मुलासमोर सोळा चिंचोके ठेवावेत, त्याच्याकडून ते मोजून घ्यावेत आणि कागदावर १६ लिहवून घ्यावे. मग सहाच्या आकड्याभोवती वर्तुळ काढून ‘हा भाग चिंचोक्यांत दाखव’ असे सांगावे. मूल सहा चिंचोके बाजूला काढते. त्यानंतर एकाच्या आकड्याभोवती वर्तुळ काढून तोच प्रश्न विचारावा. पुष्कळ मुले, आणि त्यांत दुसरी-तिसरीतील हुशार म्हणविणारीही, एकच चिंचोका उचलतात. उरलेले नऊ चिंचोके चटईवर तसेच पडून असतात आणि त्यांचे काय झाले, असा प्रश्न मुलाला पडतही नाही. हेच मूल परीक्षेच्या कागदावर ‘१६ मधील १ ची स्थानिक किंमत’ या प्रश्नाला बिनचूक ‘१०’ असे उत्तर लिहिते. डावीकडच्या आकड्यापुढे शून्य जोडले की गुण मिळतात, हे त्याने केव्हाच हेरलेले असते.

तेव्हा आरंभ आकड्यापासून करू नये. आरंभ ढिगापासून करावा, आणि ढीग असा असावा की तो एकेक मोजताना मुलाला कंटाळा यावा. खराट्याच्या काड्या, चिंचोके, शिंपले, काहीही चालते. तळहातात न मावणाऱ्या तीस-चाळीस काड्या मुलासमोर टाकून त्या किती आहेत असे विचारले, म्हणजे ते मोजू लागते, मध्येच चुकते, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करते. आणि दुसऱ्यांदा चुकल्यावर ‘दहा-दहा बांधून ठेवू या का’ ही सूचना त्याला सुटकेसारखी वाटते. दशक ही कल्पना मुलाला अशा गरजेतून भेटली पाहिजे. व्यापारी माणसाला ती नेहमी गरजेतूनच भेटलेली आहे: विसाची कोडी, कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा, आंब्यांचा शेकडा ही सारी मापे मोजणाऱ्याचे श्रम वाचविण्यासाठी जन्मास आली.

जुडी मुलाने स्वतः बांधावी, आणि निदान आरंभीचे काही दिवस ती सोडून आत दहाच काड्या आहेत याची रुजुवात करण्याची त्याला मुभा असावी. बाजारातून आणलेले दहांचे तयार दांडे देखणे असतात, मॉन्टेसरीबाईंचे तारेत ओवलेले सोनेरी मणी तर फारच देखणे. पण ज्या दहाची मोट मुलाने बांधलेली नाही तिच्यावर त्याचा विश्वास बसावयास वेळ लागतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम आरंभिले, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह ते वाढविले, तेव्हा महागड्या विलायती साहित्याऐवजी समुद्राचे शिंपले, झाडांच्या बिया आणि खडे त्यांनी बालवाडीत आणले. त्यामागे खर्चाचा विचार होता, हे खरेच. पण खडे मोजताना आदिवासी मुलांच्या हातांना ती वस्तू ओळखीची होती, हा लाभ खर्चाहून मोठा मानला पाहिजे.

सदतीस काड्यांच्या तीन जुड्या आणि सात सुट्या झाल्या, की एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी, जी पुष्कळ चांगल्या शिक्षकांकडूनही राहून जाते. जुड्या डावीकडे ठेवल्या काय आणि उजवीकडे ठेवल्या काय, काड्या सदतीसच राहतात. म्हणजे काड्यांचे जग नाणेघाटचे आहे, तेथे जागेला किंमत नाही. कागदाचे जग ग्वाल्हेरचे आहे. एकातून दुसऱ्यात नेण्यासाठी मध्ये एक पूल लागतो, आणि तो म्हणजे खडूने आखलेली दोन घरे: डावे दशकाचे, उजवे एककाचे. काड्या घरांत ठेवावयाच्या आणि प्रत्येक घरात किती नग आहेत तो आकडा त्या घराखाली लिहावयाचा, इतका नियम पुरे. चाळीस काड्यांची पाळी आली म्हणजे एककाचे घर रिकामे राहते, आणि तेथे काही न लिहिता नुसते ४ ठेवले तर घरांच्या रेघा पुसल्यावर ते चार सुट्या काड्यांसारखे दिसू लागते. रेघा मुद्दाम पुसून दाखवाव्यात. शून्य कशासाठी, याचे व्याख्यान मग द्यावे लागत नाही.

२०५ या चुकीवर एक फार सोपा उपाय आहे. १० पासून ९० पर्यंतचे दशक लांब पट्ट्यांवर आणि १ पासून ९ पर्यंतचे अंक निम्म्या लांबीच्या पट्ट्यांवर लिहून ठेवावेत. २० च्या पट्टीवरील शून्यावर ५ ची पट्टी बरोबर बसली की २५ तयार होते, आणि पाच उचलला की खाली लपलेले शून्य पुन्हा दिसते. पाचाखाली शून्य दडलेले आहे, हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने उचलून पाहिले, ते २०५ लिहिणे सहसा आपोआप सोडते.

नाणी आणि नोटा यांचा उपयोग करावा की नाही? करावा, पण घाई करू नये. दहाच्या नोटेच्या पोटात दहा रुपये दिसत नाहीत. ती दहांची आहे हा केवळ एक करार आहे, आणि तो मान्य करण्यासाठी दशकाची कल्पना आधी असावी लागते. जुडीतून दहा मोजता येतात, नोटेतून येत नाहीत; म्हणून जुड्या आधी, नोटा मागाहून. मूल कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटे पैसे बिनचूक घेऊन येत असेल, तर मात्र हा क्रम त्याच्या बाबतीत खुशाल मोडावा.

काड्यांचा हा खटाटोप मोठी संख्या ओळखण्याच्या वेळी फळाला येतो. ३८ आणि ५२ यांत मोठी कोणती असे विचारले असता, आठाचा आकडा सर्वांत मोठा दिसतो म्हणून ३८ असे सांगणारी मुले असतात. पण तीन जुड्या आणि पाच जुड्या समोर ठेवल्या की वाद मिटतो. पुढे ४२ मधून १७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत, तेव्हा ‘शेजाऱ्याकडून उसना घ्या’ असा जो मंत्र दिला जातो, त्यातील उसना परत कधी करावयाचा असे एखादे प्रामाणिक मूल विचारते, आणि त्याला उत्तर नसते. चारांपैकी एक जुडी सोडली की तीन जुड्या आणि बारा सुट्या होतात. येथे कोणी कोणाचे देणे लागत नाही.

‘निपुण भारत’ या २०२१ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिलीच्या अखेरीस मुलाला ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असे लक्ष्य ठरविलेले आहे, आणि ते अवास्तव नाही. पण लक्ष्य वर्षाच्या अखेरचे आहे, श्रावणातले नव्हे. निम्मे वर्ष तीस-चाळीसपर्यंतच्या संख्या बांधण्यात, सोडण्यात आणि घरांत मांडण्यात गेले, तर पुढचे साठ आकडे थोडक्या दिवसांत येतात, कारण त्यानंतर शिकावयाची राहतात ती फक्त नावे. यास्तव मुख्याध्यापकांनी आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी गणेशोत्सवाच्या आतच शंभरापर्यंतच्या अंकांनी भरलेल्या वह्या मागू नयेत. आणि पालकांना विनंती ही की मुलाने पंचवीस ऐकून ५२ लिहिले, तर लाल पेन्सिल उचलण्यापूर्वी त्याला तेवढ्या काड्या काढून दाखवावयास सांगावे.